सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीसाठी साहित्य निवडताना

दुकानात हाताळलेली फळी थंड आणि कोरडी असते. पेटीत बसवल्यावर मात्र तीच फळी रात्रंदिवस ऊब आणि ओल सोसते, आणि तिच्यातून जे काही बाहेर पडते ते हुंगणाऱ्या प्राण्याला तेथून दूर जाण्याची सोय नसते. म्हणून कोणतीही वस्तू घेताना ती तापल्यावर, भिजल्यावर आणि बंद हवेत कशी वागेल, हे आधी पाहावे.

सर्वाधिक चुका लाकडात होतात. सीडरसारखे सुगंधी लाकूड पेटीत वापरूच नये, कारण आपल्याला आवडणारा तो वास ज्या तेलांमुळे येतो, तीच तेले प्राण्याच्या श्वासमार्गाला त्रास देतात. पाइन भट्टीत वाळवलेले आणि सर्व बाजूंनी लेप दिलेले असेल तर चालते; राळ पाझरणारे ओले पाइन नको. जुन्या कुंपणाच्या फळ्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत, कारण कीड लागू नये म्हणून त्यांत मुरवलेल्या रसायनात आर्सेनिक असू शकते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेला बोर्ड, पाणी शोषून फुगतो आणि त्याच्या उघड्या कडांतून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू बाहेर पडू शकतो. कोरड्या प्रदेशातील सरड्यासाठी चांगल्या प्रतीचे प्लायवूड पुरते, पण दमट हवा लागणाऱ्या प्राण्यासाठी काच किंवा पीव्हीसी फोम बोर्ड (प्लास्टिकची हलकी फळी) घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडाला वॉटरबेस पॉलियुरेथेनचे (पाण्यात मिसळणाऱ्या, वॉर्निशसारख्या लेपाचे) किमान तीन हात द्यावेत आणि फळ्यांच्या कापलेल्या कडा विसरू नयेत, कारण पाणी आधी तेथूनच शिरते. हा लेप काही तासांत हाताला कोरडा लागतो, परंतु आतून पूर्ण पक्का होण्यास काही आठवडे लागतात, आणि घाई नेमकी याच काळात नडते. पेटी रिकामी असतानाच दिवा लावून ती दिवसभर बंद ठेवावी, मग दार उघडून नाक थेट आत नेऊन वास घ्यावा. रंगाचा किंवा वॉर्निशचा पुसटसा वास आला तरी प्राणी आत सोडू नये. पेटी उघडी ठेवून पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासावी.

काचेच्या सांध्यांसाठी शुद्ध सिलिकॉन वापरावे. न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये अनेकदा बुरशीनाशक मिसळलेले असते, तेव्हा वेष्टनावरील मजकूर वाचूनच ते घ्यावे.

चिकटपट्टी मात्र पेटीच्या आत कोठेही नको. थर्मामीटरची तार बसवताना मी एकदा ती लावली होती. रात्रीत तिची एक कड सुटली आणि साप तिला चिकटला. खाद्यतेल लावून, पट्टी बोटाने इंच इंच सैल करत मी त्याला सोडवले, तरीही पोटाखालचे काही खवले सोलले गेलेच. तेव्हापासून तारा मी बाहेरूनच आणतो आणि आत लागलीच तर प्लास्टिकची क्लिप स्क्रूने बसवतो.

जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी. खिडकीची नायलॉनची जाळी दिव्याखाली वितळते, आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी दमट पेटीत कालांतराने गंजते. साधी काच अतिनील बी (यूव्हीबी) किरण जवळजवळ पूर्ण अडवते आणि बारीक जाळीही त्यांचा बराच भाग रोखते, म्हणून हे किरण देणारा दिवा काचेमागे ठेवून उपयोग नाही. उष्णतेचा दिवा आत असेल तर त्याभोवती धातूचा पिंजरा हवाच, कारण साप तापलेल्या दिव्याला वेटोळे घालतो आणि भाजत असतानाही वेळेत बाजूला होत नाही.

सजावटीचे दगड वाळूवर ठेवू नयेत. ते आधी पेटीच्या तळावर भक्कम बसवावेत आणि मग भोवती वाळू पसरावी, म्हणजे बिळे उकरणाऱ्या सरड्याने खालची वाळू काढली तरी दगड त्याच्या अंगावर कलंडणार नाही.