नाणेघाट: पायथ्यापासून शिलालेखापर्यंत

घाटघरमार्गे गाडी नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जाते आणि गुडघे साथ देत नसतील तर तोच मार्ग घ्यावा. बाकीच्यांनी मात्र कोकणातून चढावं. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे याच वाटेने उतरायचा. चढताना घाटाचं महत्त्व पायांना कळतं.

कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाटा, जुन्नर किंवा नगरला जाणारी पहाटेची एसटी धरा. टोकावडे आणि वैशाखरे मागे पडलं की थोड्याच अंतरावर रस्त्यालगत नाणेघाटाची पाटी येते. तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, नाहीतर गाडी सरळ माळशेजच्या वळणांना लागते.

चढ अडीच-तीन तासांचा आहे. वाट चुकते ती सुरुवातीच्या जंगलात, कारण तिथे गुरांच्या पायवाटा फुटतात. झाडीतून बाहेर आलात की नानाचा अंगठा हा अंगठ्यासारखा दिसणारा कडा शोधा आणि त्याच्या शेजारची खिंड समोर ठेवून चाला. वरच्या टप्प्यात जुन्या दगडी पायऱ्या लागतात. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं, म्हणून झिजल्या तळव्यांचे बूट घालू नका. माणशी 3 लिटर पाणी घ्या. खडकात कोरलेल्या टाक्यांतलं पाणी गाळून, उकळूनच प्यावं.

शिलालेखाची गुहा माथ्याच्या जरा खाली आहे. तिथे तासभर तरी काढाच. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. सिमुक, सातकर्णी आणि नागनिका ही त्यांतली. डाव्या-उजव्या भिंतींवरच्या मोठ्या ब्राह्मी लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण या जुन्या नाण्यांची नोंद आहे.

विजेरी समोरून मारली तर अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. ती भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, म्हणजे कोरलेल्या रेघांत सावली भरते. आधी सोपी अक्षरं शोधा: अधिकचिन्हासारखा 'क', उभ्या रेघेचा 'र', उलट्या इंग्रजी टीसारखा 'न'. मग आकड्यांकडे वळा. 1 आणि 2 म्हणजे आडव्या रेघा. इथे शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, त्यामुळे 17 लिहायचे तर दहाच्या चिन्हापुढे सातचं चिन्ह येतं. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फिरवू नका, पाणी मारू नका. गुहेत चूल तर अजिबात पेटवू नका: काजळी कोरीव रेघांत बसते आणि ती खरवडली की दगडाचा पापुद्राही सुटतो.

खिंड चढून माथ्यावर आलात की मोठा दगडी रांजण दिसेल. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात.

उतरायला दुपारी दोनच्या आत लागा. ओल्या पायऱ्यांवर पाय सरकतात ते उतरतानाच, आणि जंगलात अंधार लवकर पडतो. शिवाय भरलेली एसटी पाटीपाशी थांबेलच असं नाही. उजेडात वैशाखऱ्यापर्यंत चालत जाऊन तिथून गाडी पकडा.