आधी वाफसा, मग पंचांग

शिंगखत (गाईच्या शिंगात शेण भरून, पुरून केलेलं खत), सीपीपीचा म्हणजे शेणखताचा खड्डा, उतरता चंद्र हे सगळं वाचूनच तुम्ही बायोडायनॅमिक शेतीच्या नादी लागला असाल. मीही तसाच लागलो. कराडजवळ 30 गुंठे काळं रान, दोन गाई आणि भिंतीवर लावणीचं पंचांग, चंद्र बघून कधी काय लावायचं ते सांगणारं. पहिल्याच पावसाळ्यात घात झाला. पंचांगाचा दोष नाही, माझ्या घाईचा.

पंचांगात 'मुळाचा दिवस' होता, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या पिकांचा. मुळा टोकायला उत्तम! दोन दिवसांपूर्वी दणकून पाऊस झालेला, पण वरची माती सुकली होती. आप्पा बांधावरून म्हणाले, "वाफसा नाही रे अजून." म्हणजे माती मशागतीजोगी, ना फार ओली ना फार कोरडी, झालेली नाही. मी म्हणालो, "दिवस टळेल," आणि पॉवर टिलर घातला.

काळी माती वरून सुकलेली दिसते, तेव्हा चार बोटं खाली लोण्यासारखी असते. पात्यांनी ती लिंपत गेली, कणांमधल्या पोकळ्या बुजल्या. ऊन पडल्यावर वर विटेसारखी ढेकळं आणि पात्यांच्या खोलीवर घट्ट थर. पाणी मुरेना, मुळ्यांना दोन-दोन शेपट्या फुटल्या. वरून मी शिंगखत फवारत होतो. अहो, एकरी 25-30 ग्रॅम, 13-15 लिटर पाण्यात तासभर घुसळून! ते काही पोटभर खत नाही. हवा-पाणीच न शिरणाऱ्या मातीत त्यानं काय करावं?

म्हणून वीतभर खालची माती मुठीत दाबा, गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा. चपटा होऊन चिकटून बसला तर घरी जा. वरच्या मातीचा गोळा करून स्वतःला फसवू नका, मी तेच केलं होतं. चंद्राचा परिणाम किती, यावर मी भांडत नाही; वाफसा चुकल्याचा मात्र भोगलाय.

दोन दिवसांच्या शिबिरात शिकवणारे गुरुजी हे सांगत नाहीत, कारण शिबिर मांडवात असतं. तयार बाटल्या विकणाऱ्यांचं तर बोलूच नका.

पण घाबरूही नका. रान बिघडतं तसं सुधारतंही, फक्त सावकाश. मी दोन पावसाळे ताग पेरून फुलोऱ्यात गाडला, उसाचं पाचट अंथरलं, टिलर शेजाऱ्याला देऊन टाकला. तिसऱ्या वर्षी पाचट उचललं तर खाली गांडुळांची विष्ठा. मुळा अजून एखाददुसरा वाकडा निघतोच.

पंचांग भिंतीवर आहे. मूठ दाबून झाली की मी एकदा आप्पांकडे बघतो. ते चपला काढून रानात चार पावलं टाकतात आणि मान हलवतात.