रत्नागिरीत बदलून येताय? शाळेचं दार कधी उघडतं ते आधी समजून घ्या

बँकेची, महावितरणची, कोर्टाची बदलीची ऑर्डर मे महिन्यात हातात पडते. घर बघून, सामान लावून माणूस जूनच्या पहिल्या आठवड्यात पोराला घेऊन गावातल्या नावाजलेल्या शाळेत जातो आणि कार्यालयातून उत्तर येतं, "पहिलीचा पट भरला." मग ओळखी काढणं सुरू होतं. संस्थेच्या कुणा सदस्याला फोन, साहेबांची चिठ्ठी, वगैरे. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती जागा जूनमध्ये गेलेलीच नसते. ती दोन वर्षं आधी, लहान शिशूत (ज्युनियर केजीत) गेलेली असते.

घाटावरून, विदर्भातून, मुंबईहून इथे आलेल्या प्रत्येकाला हे उशिरा कळतं. कोकणात शाळांच्या जागा कमी नाहीत. उलट माणसं मुंबईला गेल्यामुळे वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांचा पट एका आकड्यावर आला आहे. गर्दी आहे ती रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा गावांतल्या चार-पाच शाळांपुरती. त्या शाळेत शिरायचं असेल तर दारं दोनच, लहान शिशू आणि पाचवी. मधे एक खिडकी असते, तिच्याबद्दल पुढे.

पहिलं दार. संस्थेच्या शाळेत बहुतेक वेळा एकाच आवारात शिशुवर्ग, प्राथमिक आणि पुढे हायस्कूल असतं. शिशुवर्ग विनाअनुदानित असतो, तिथे फी लागते. पहिलीपासून अनुदानित तुकडी असली तर शिकवणीची फी नाही. शिशुवर्गातली मुलं सरळ पहिलीत जातात, म्हणून पहिलीत बाहेरच्यांसाठी उरतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा. लहान शिशूत मिळालेली जागा ही खरं तर दहावीपर्यंतची जागा असते. झुंबड उडते ती त्यामुळेच.

शिशुवर्गाच्या अर्जांची सूचना फाटकावरच्या फळ्यावर लागते, वर्तमानपत्रात येईलच असं नाही. पुढच्या जूनमध्ये यायचं आधीच ठरलं असेल तर इथल्या एखाद्या सहकाऱ्याला डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी तो फळा बघून यायला सांगा. वयाचा हिशेब राज्यभर एकच आहे. त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण असतील तर नर्सरी, सहा पूर्ण असतील तर पहिली. जानेवारीत जन्मलेल्या मुलाचे आईबाप "पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे" म्हणून हट्ट करतात. करू नका. लहान मूल वरच्या वर्गात ढकलून पुढे त्रास त्यालाच होतो, शिवाय ऑनलाइन नोंदणीत वय अडकतं.

दुसरं दार पाचवीचं. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंत आहेत आणि संस्थांची हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात. तिथे पाचवीत तुकड्या वाढतात, जागा उघडतात. पहिलीत नाही मिळालं म्हणून घरात सुतक पाळणाऱ्यांना आमचं सांगणं असं, की चार वर्षं चांगल्या नगर परिषद किंवा जिल्हा परिषद शाळेत काढा आणि पाचवीला तिकडे जा. चौथीच्या दुसऱ्या सहामाहीतच हायस्कूलच्या कार्यालयात चौकशी करून ठेवा, निकालाची वाट बघू नका.

आता ती खिडकी. ज्या बदल्यांमुळे तुम्ही इथे येता, त्याच बदल्यांमुळे दुसरं कुणीतरी जातं. दाखले निघतात ते एप्रिलच्या शेवटापासून शाळा उघडल्यानंतरच्या आठवड्यापर्यंत. इथे शाळा साधारण १५ जूनच्या आसपास उघडतात, तेव्हा दुसरी-तिसरी-चौथीत एखाद-दुसरी जागा रिकामी होते. मुख्याध्यापकांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, माध्यम, आधीची शाळा आणि तुमचा इथला फोन नंबर लिहा. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नुसतं तोंडी सांगून गेलेल्याला कुणी फोन करत नाही. शाळा उघडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन विचारा, कारण न आलेल्या मुलांची नावं तेव्हा कळतात.

कागदांपैकी शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांत महत्त्वाचा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम तसं स्पष्ट सांगतं, आणि जुन्या मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. तरी निघण्यापूर्वी हातात घेतलेला बरा. परराज्यातून येत असाल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन या, पुन्हा त्यासाठी जाणं परवडत नाही. यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर मूल जुन्या शाळेतून सुटून नव्या शाळेत जोडलं गेलं पाहिजे. नवी शाळा विनंती पाठवते, जुनीनं ती मान्य करायची. हे जुलैत संपवा. शाळेत किती शिक्षक मंजूर होणार ते ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार जुळलेल्या मुलांवर ठरतं. त्यामुळे जुनी शाळा नाव सोडायला टाळाटाळ करते आणि नवी तुमच्या मागे लागते.

प्रवेश अर्ज भरताना मात्र घाई करू नका. पहिल्यांदा शाळेत नाव घालताना तुम्ही जे लिहिता ते जनरल रजिस्टरमध्ये उतरतं आणि पुढची बारा वर्षं प्रत्येक दाखल्यावर तेच येतं. नाव जन्मदाखल्यावर आहे त्याच स्पेलिंगनं लिहा, आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं "सातारा" नको. गाव, तालुका, जिल्हा असं तिन्ही लिहा. जातीचा रकाना वडिलांच्या शाळेच्या दाखल्यासमोर ठेवून भरा, तिथे "हिंदू कुणबी" असेल तर इथेही "हिंदू कुणबी". नुसतं "ओबीसी" हा प्रवर्ग झाला, जात नव्हे. पुढे जात पडताळणीत ही नोंद काढून बघतात. कारकुनानं रजिस्टरमध्ये नोंद केली की ती एकदा डोळ्यांनी बघायची विनंती करा, कुणी नाही म्हणत नाही. चूक राहिलीच तर मूल त्या शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी, दाखला निघाल्यावर शिक्षण विभागाच्या खेपा सुरू.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांबद्दल बाहेरून आलेल्यांचे गैरसमज फार. या जागा खासगी विनाअनुदानित शाळांत, पहिलीला किंवा ती शाळा जिथून सुरू होते त्या वर्गाला असतात. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू नाही, त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये आरटीईतून जाऊ असं धरून बसू नका. खुल्या प्रवर्गाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांना उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला महाराष्ट्राचाच हवा. अर्ज ऑनलाइन, जास्तीत जास्त दहा शाळा, सोडत राज्य पातळीवर. त्यामुळे इथे कुणी "सोडतीत नाव घालतो" म्हणाला तर तो तुम्हाला फसवतोय.

अर्ज बाद होतात ते दोन कारणांनी. पहिलं भाडेपत्र. इथले घरमालक भले, तोंडी शब्दावर खोली देतात, किल्ली हातात ठेवतात, चहा पाजतात. पण पडताळणी समितीला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तोही ११ महिन्यांचा आणि अर्ज सुरू होण्यापूर्वीचा. नोटरीचा स्टॅम्पपेपर चालत नाही. घर घेतानाच हे मालकाशी बोला, जानेवारीत बोललात तर उशीर झालेला असतो. दुसरं कारण नकाशातली टाचणी. घराची टाचणी जिथे रोवाल तिथून शाळेचं अंतर मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतले आधी, मग तीनपर्यंतचे. हे अंतर सरळ रेषेत असतं आणि कोकणात सरळ रेषेच्या मधे खाडी असते. धोपाव्यातून दाभोळ समोर दिसतं, जयगडातून तवसाळ दिसतं, पण मधे फेरीबोट आणि रस्त्यानं भलामोठा वळसा. पावसाळ्यात पोर रोज तिकडे जाऊ शकेल का ते बघूनच यादीत शाळा घाला. आणि टाचणी मोबाइलवर घाईत लावू नका, संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उपग्रह चित्र उघडून आपलं छप्पर ओळखून लावा. पत्ता एकीकडे, टाचणी दुसरीकडे असेल तर जागा लागूनही प्रवेश रद्द होतो.

नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे इथे घर घेतलंत तर शहरात राहतो असंच वाटेल, पण ही गावं ग्रामपंचायतीत येतात. रहिवासी दाखला तिथूनच मिळणार. नगर परिषदेत रांगेत उभं राहून परत आलेले बरेच आहेत.

पैशांचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानं प्रवेशासाठी देणगी घेणं आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणं, दोन्हीला बंदी आहे. मुलाखतीसाठी पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत; देणगीसाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. तरीही "इमारत निधी, ऐच्छिक" असं काही पुढे येतं. द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. विनाअनुदानित शाळेत फी किती वाढवायची हे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातं. त्या समितीत कुणी जायला तयार नसतं, मग फी वाढली की सगळे फाटकाशी कुजबुजतात.

इंग्रजी माध्यम शोधणाऱ्यांनी एकच प्रश्न नीट विचारायचा: संलग्नता क्रमांक काय? "सीबीएसई पॅटर्न" म्हणजे सीबीएसई नव्हे. तसंच सेमी इंग्रजी तुकडी असेल तर ती अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारा. एकाच मजल्यावरच्या दोन वर्गांत एकाला फी, एकाला नाही, असं असू शकतं.

जिल्हा परिषदेची शाळा निवडताना इमारतीच्या रंगावर जाऊ नका. भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवलेला असतो आणि आत चार वर्ग एका गुरुजींच्या गळ्यात. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. म्हणजे पट ४० असेल तर दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळणार, हे गृहीत धरा. कागदावर दोन आणि वर्गात एक असंही होतं, कारण इथले बरेच शिक्षक परजिल्ह्यातले असतात आणि आंतरजिल्हा बदली मिळाली की जातात, मागे पद रिकामं राहतं. म्हणून विचारायचं ते हे: मंजूर पदं किती, आज हजर किती, यंदा कुणाची बदली होणार? मग सकाळी परिपाठाच्या वेळी जा. तिसरीतल्या एखाद्या मुलाला फळ्यावरचा सुविचार वाचायला सांगा. सुविचार पाठ असेल तर खालची तारीख आणि पटाची आकडेवारी वाचायला सांगा. ती रोज बदलते, पाठ करता येत नाही. धडाधड वाचली तर शाळा चांगली आहे, पत्रे गळत असले तरी.

खेड्यातली शाळा घेण्यात एक फायदा आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. नवोदय विद्यालयातल्या (सहावीपासूनची केंद्र सरकारची निवासी शाळा) निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना जातात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत पूर्ण व्हावी लागतात. मधे काही दिवस शहरातल्या शाळेत नाव घातलं तर मूल शहरी धरलं जातं. सिंधुदुर्गात हे विद्यालय सांगेलीला आहे. शहराला चिकटलेल्या ग्रामपंचायतीतली शाळा ग्रामीण धरतात की नाही, हे मुख्याध्यापकांकडून तिसरीच्या आधीच खात्री करून घ्या.

राहिला पाऊस. घाटावरचे लोक अंतर किलोमीटरमध्ये विचारतात, इथे रस्ता कुठल्या पऱ्यावरून (ओढ्यावरून) जातो ते विचारायचं. चिपळुणात घर घेताना २०२१च्या जुलैतल्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, शाळेच्या वाटेचंही विचारा. रेड अलर्टची सुट्टी जिल्हाधिकारी कधी रात्री उशिरा जाहीर करतात, तेव्हा दोघंही नोकरीला असाल तर सकाळी सातला मूल कुणाकडे ठेवायचं हे जूनमध्येच ठरवून ठेवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवावेत असा २०२४चा शासन निर्णय आहे, पण एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांना ते जमतंच असं नाही, म्हणून प्रत्यक्ष वेळ विचारा. व्हॅनवाल्या मामांशी महिन्याचा दर ठरवताना मे महिन्याचे पैसे घेणार का आणि गणपतीच्या सुट्टीचे कापणार का, हेही बोलून घ्या. इथे गणपतीची सुट्टी मोठी असते, आणि त्या दिवसांत मामा स्वतःच गावी गेलेले असतात.