हेडर बसवण्याआधी

हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या पाईपातून आणून एकत्र करणारा भाग, तो कंपनीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी बसतो. त्याची चौकशी सुरू करण्याआधी एक संध्याकाळ नुसती गाडी चालवा आणि नजर टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर, ठेवा. माझी जुनी एस्टीम, १२९८ सीसीची, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीन हजारांच्या वर क्वचितच जाते. ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या जागेतली वेळेची शर्यत) मैदानात तीच गाडी पाच-साडेपाच हजारांवर असते. तुमचं इंजिन जास्तीत जास्त वेळ कुठल्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) फिरतं ते कागदावर लिहून ठेवा, कारण हेडर त्या आकड्यासाठी निवडायचा असतो. आवाजासाठी किंवा चकाकीसाठी घेतलेला हेडर कमी आरपीएमची ओढ घालवतो, आणि कासारवडवलीच्या सिग्नलवरून निघताना ते रोज जाणवतं.

बॉनेट उघडून आधी एवढं बघा, की तुमच्या इंजिनाला वेगळा मॅनिफोल्ड आहे तरी का. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनांत तो सिलिंडर हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या भागात) ओतलेला असतो. तिथे हेडरचा विषयच संपतो.

चार सिलिंडरला दोन मुख्य रचना मिळतात. फोर-वनमध्ये चारही पाईप एकाच ठिकाणी मिळतात. त्याचा फायदा वरच्या आरपीएमला होतो. फोर-टू-वनमध्ये आधी जोड्या लागतात, मग दोनाचा एक होतो, आणि मधल्या आरपीएमला ओढ चांगली मिळते. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरला (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाला) जोड्या १ आणि ४, २ आणि ३ अशाच हव्यात, म्हणजे जोडीतले दोन धक्के बरोबर एका फेरीच्या अंतराने येतात. एका सिलिंडरचा धूर कलेक्टरपाशी (पाईप एकत्र येतात तिथे) पसरला की कमी दाबाची लाट उलट पोर्टकडे (हेडमधल्या धुराच्या तोंडाकडे) येते आणि उरलेला धूर ओढून नेते. हेडरची सगळी कमाई या लाटेची आहे. ती वेळेवर पोचायला पाईपची लांबी आणि जाडी जुळावी लागते. पाईप गरजेपेक्षा जाड घेतला तर धुराचा वेग पडतो. १३०० ते १६०० सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनाला बहुतेक वेळा दीड इंच, म्हणजे ३८ मिमी बाहेरचा व्यास पुरतो. शहरात आणि थोडंफार मैदानात चालवणाऱ्याने फोर-टू-वनच घ्यावा, हे माझं ठाम मत.

माल हातात आला की टॉर्च घेऊन आधी कलेक्टरच्या आत बघा. सगळे फ्लँजकडे (इंजिनाला बसणाऱ्या जाड पट्टीकडे) बघतात, पण पैसे वसूल होतात ते इथे. स्वस्तातल्या कलेक्टरमध्ये चार पाईपांच्या मधली जागा सपाट पत्र्याचा तुकडा लावून बुजवलेली असते. धूर तिथे आपटून घुमतो. नीट केलेल्या कलेक्टरमध्ये त्या जागी पिरॅमिडसारखं टोक असतं आणि पाईप लहान कोनात एकमेकांत मिसळतात. बोट घालून वेल्डिंगची आतली बाजू चाचपा. आतून आर्गन वायू न सोडता स्टेनलेसला टिग वेल्डिंग मारलं असेल तर काळी, साखरेच्या दाण्यासारखी खरखर लागते. तिथूनच पुढे तडा जातो.

नवीन बनवून घेणार असाल तर कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पाईप आणून वागळे इस्टेटला किंवा रबाळ्याला टिगवाल्याकडे देता येतो. ३०४ स्टेनलेस गंजत नाही पण गरम झाल्यावर जास्त फुगतं, म्हणून कलेक्टरनंतर फ्लेक्स (वाकणारा) पाईप हवाच, नाहीतर इंजिन माउंटिंगवर हललं की सगळा ताण वेल्डवर येतो. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्याच्या जस्ताचा धूर वेल्डरच्या फुप्फुसात जातो. माइल्ड स्टील चालेल, पण त्यावर कापडी हीट रॅप गुंडाळू नका. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीची हवा, रॅपखाली ओल धरून राहते आणि पाईप आतल्या आत कुजतो.

आता स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे आट्यांचे दांडे. यासाठी अख्खा दिवस राखून ठेवा. तीन दिवस आधीपासून रोज रात्री प्रत्येक नटवर गंज सोडवणारं तेल मारा. मी ते केलं नव्हतं. एका गॅरेजात पोऱ्याने पान्याला लांब पाईप लावून झटका दिला आणि तिसरा स्टड हेडच्या काठाशी तुटला. हेड ॲल्युमिनियमचं, ड्रिल थोडं घसरलं तरी आटे गेले असते. शेवटी लेथवाल्या काकांनी तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड भरला, तो लाल असतानाच बाजूला झाले, पाच मिनिटं थांबले आणि साध्या पान्याने हळूहळू पुढे-मागे करत स्टड बाहेर काढला. रात्रीचे नऊ वाजले होते. मला त्या पाच मिनिटांची किंमत तेव्हा कळली. नवीन स्टड, नवीन नट आणि नवीन पॅकिंग आधीच आणून ठेवा.

जुनं पॅकिंग निघालं की फेकू नका. त्यावर काळे ओघळ दिसले तर तिथून आधीपासून गळती होती. ते पॅकिंग नव्या फ्लँजवर ठेवून भोकं जुळवा. हेडरचं तोंड पोर्टपेक्षा थोडं मोठं चालेल, लहान असून काठ आत आला तर नाही. फ्लँजवर स्टीलपट्टी आडवी धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. वाकडा असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. वाकड्या फ्लँजला सीलंट थापून भागवू नये, त्यातल्या सिलिकॉनने ओ-टू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब होऊ शकतो.

सेन्सरची जागा चारही पाईप एकत्र आल्यानंतरची हवी, आणि तो वरच्या अंगाला तिरका, म्हणजे पाणी साचणार नाही. तिथे तापमान कमी असतं, म्हणून हीटरवाला सेन्सर लागतो. वायर पुरते का ते आधी मोजा. धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो ठेवाच. तो काढला तर गाडीचं विष शेजारपाजारच्या मुलांच्या नाकात जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफारांवर बंधनं आहेत, तीही वाचून घ्या.

बसवताना सगळे नट आधी हाताने लावा, कलेक्टर सैल ठेवा, मग फ्लँज मधून बाहेरच्या दिशेने मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. स्टीअरिंग, संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि वायरिंगपासूनचं अंतर बघा. पाईपवरचे बोटांचे ठसे थिनरने पुसा, नाहीतर ते भाजून कायमचे राहतात. थंड इंजिन चालू करून टकटक ऐका, ती गळतीची खूण. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो.

दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर आणि दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. जुना मॅनिफोल्ड तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी असते, तेव्हा तो लागेल.