जे-पाऊचनंतरचं दुखणं: कोणतं सकाळपर्यंत थांबतं, कोणतं थांबत नाही

जे-पाऊच, म्हणजे मोठं आतडं काढून लहान आतड्याचीच आत केलेली पिशवी, झालेल्या माणसानं "पोट दुखते" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला त्यातून काही कळत नाही. आपलं दुखणं निदान पाच-सहा तऱ्हेचं असतं, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चांगलंच भोवतं. म्हणून इथं मी दुखणं ओळखायचं कसं, यावरच जास्त लिहून राहिले.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात शिलाईचं काम करते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होण्याच्या आजारामुळे, माझं मोठं आतडं आणि गुदाशय काढला. लहान आतड्याचं टोक दुमडून त्याचीच आत एक पिशवी केली आणि ती खाली गुदद्वाराला जोडली. मधल्या काळात संडास गोळा करायला पोटावर बाहेरची पिशवी होती, ती बंद होऊन आता काही वर्षं झाली. घरी शेती आहे, कापूस आणि तूर. पोटाचा तज्ज्ञ डॉक्टर पाहिजे तर यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर गाठावं लागतं. जवळ आहे तो गावातला डॉक्टर, आणि आमच्याकडं कोणतंही दुखणं असो, त्यावर एकच सुई.

आधी त्या सुईचं

दुखण्याची सुई म्हणजे बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक. तीच जात गोळीत: आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, आणि मेडिकलवाला पुडीत बांधून देतो त्या अंगदुखीच्या गोळ्या. या औषधांनी पाऊचला सूज येण्याचा धोका वाढतो, असलेली सूज भडकते. कंबर दुखो, दात दुखो, नाहीच घ्यायच्या. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल. मी ६५० ची गोळी घेते, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवते. लिव्हरचा त्रास असेल तर तीही डॉक्टरला विचारून.

गावातल्या डॉक्टरशी यावर वाद घालू नका. तो बिचारा रात्री उठून येतो, त्याची गरज आहे आपल्याला. मी एक कार्ड लिहून लॅमिनेशन करून घेतलं, ते दाखवते. त्यावर असं आहे: "मोठे आतडे व गुदाशय काढलेले आहेत. जे-पाऊच आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. जुलाब होण्याचे (रेचक) औषध देऊ नये. पोट फुगून उलट्या होत असल्यास आतडे अडकल्याचा संशय धरावा." खाली सर्जनचा आणि आमच्या ह्यांचा नंबर. एक कार्ड माझ्या पर्समध्ये, एक ह्यांच्या मोबाईलच्या कव्हरमागे. जे-पाऊच हा शब्द तालुक्याच्या दवाखान्यातही नव्यानंच ऐकणारे असतात, आणि कळा येत असताना आपल्याच्यानं समजावून सांगणं होत नाही.

वही

पोराच्या जुन्या वहीत मी पाच गोष्टी लिहिते: दुखलं कुठं, केव्हा, संडासला जाऊन आल्यावर कमी झालं की वाढलं, ताप होता का, आणि आदल्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लं. दुखलं त्याच दिवशी लिहायचं, रोज नाही. रोजचं लिहित बसलं की माणूस दिवसभर पोटाकडंच कान लावून बसतो. नागपूरचे डॉक्टर पाच मिनिटं देतात, त्यात ही दोन पानं त्यांच्यासमोर ठेवली की ते स्वतःच प्रश्न विचारायला लागतात.

दुखण्याआधी आपलं नेहमीचं काय आहे ते ठाऊक पाहिजे. पाऊच रुळल्यावर दिवसाला चार ते आठ वेळा आणि रात्री एखाद्या वेळी जाणं हे आपल्यासाठी ठीकच धरतात. रुळायला वर्षभर लागू शकतं. शेजारणीच्या दिवसातून एकदाशी आपली बरोबरी लावायची नाही.

बाहेरची आग

ही सगळ्यांना होते. मोठं आतडं नाही म्हणून पाचक रस तसेच खाली येतात आणि कातडी सोलून काढतात. पाण्यानं धुवायचं, साबण नको. घासायचं अजिबात नाही, जुन्या सुती धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपून घ्यायचं. मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन. आग झाल्यावर लावून फायदा थोडाच. प्रत्येक वेळी, कोरडं झाल्या झाल्या लावायचं. टपात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसलं की बरं वाटतं. ठेचा आणि सावजी रस्सा दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा भेटतो, एवढं लक्षात ठेवून काय खायचं ते खा. मी वर्षातून एखाद वेळी खाते आणि भोगते, माझी मर्जी.

पाऊचची सूज

ओटीपोटात मुरडा, नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वेळा जाणं, दारापर्यंत पोचेस्तोवर धीर न निघणं, बारीक ताप, अंग मोडून येणं. याला पाऊचायटिस म्हणतात. जवळपास निम्म्या लोकांना कधी ना कधी होतोच, तेव्हा आपलंच ऑपरेशन बिघडलं असं घेऊन बसू नका. हे दुखणं रात्र काढू शकतं, पण आठवडा काढायचा नाही. बहुतेक वेळा सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा मेट्रोनिडॅझोलचा दोनेक आठवड्यांचा कोर्स देतात. सिप्रो दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळीसोबत घेतली तर अंगी लागत नाही. मी दोन तास आधी घेते. ती चालू असताना टाचेमागची शीर दुखायला लागली तर गोळी थांबवून डॉक्टरला कळवायचं. मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला पैशासारखी कडवट चव येते, आणि ती चालू असताना दारू बंद. ती लांबली आणि हातापायाला मुंग्या यायला लागल्या तर तेही सांगायचं.

उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवून स्वतःच सुरू करणारे पुष्कळ असतात. नका करू. हीच लक्षणं दुसऱ्या कारणानंही येतात, आणि दुर्बिणीनं पाऊच आतून पाहिल्याशिवाय त्यातला फरक कळत नाही. सूज पुन्हा पुन्हा येत असेल तर ती तपासणी झालीच पाहिजे. अगदी गुदद्वाराच्या तोंडाशी दुखतं आणि लाल रक्त दिसतं, तेव्हा जोडाजवळ उरलेल्या गुदाशयाच्या पट्टीला सूज असू शकते. तिला आतून ठेवायची मेसालामाइनची कांडी देतात. कुंथावं लागतं, धार बारीक येते, जाऊन आल्यावरही भरल्यासारखं वाटतं, तेव्हा जोड अरुंद झालेला असू शकतो. तो डॉक्टर रुंद करून देतात. गुदद्वाराजवळ गाठ आली, ठणकायला लागली, सोबत थंडी-ताप आला तर आत पू धरला असू शकतो. त्याला सकाळची पहिली गाडी.

ज्या दुखण्याला सकाळ नाही

आतडं अडकणं. पोटातलं कोणतंही मोठं ऑपरेशन झालं की आत आतडी एकमेकांना चिकटतात, त्यात कधी पीळ पडतो, कधी न चावलेलं खाणं अडकतं. याची कळ येते, वाढत जाते, सुटते आणि थोड्या वेळानं पुन्हा येते. पोट फुगून ताठ होतं. हवा सरत नाही, संडास बंद होतो. कधी कधी नुसतं पाणी जात राहतं आणि माणूस फसतो, हागवण समजून गोळी घेतो. मग उलट्या.

कळ हलकी आहे, उलटी नाही, तोवर घरी एवढं करता येतं: जेवण बंद, लोपेरामाइड (संडास थांबवायची गोळी) बंद, कोमट पाणी किंवा पेज थोडी थोडी घोट घेऊन. अंगणात चालायचं. टोंगळे छातीशी घेऊन कुशीवर निजायचं, पोटावर शेक. दोन-तीन तासांत हवा सरली तर सुटलं. उलटी सुरू झाली, पोट फुगत चाललं, ताप आला किंवा कळ मधे सुटेनाशी झाली तर तासांचा हिशोब करत बसू नका. १०८ ला फोन लावायचा, आणि ती यायला वेळ लागणार असेल तर गावातली पिकअप. आमच्या ह्यांनी दोन गाडीवाल्यांना आधीच सांगून ठेवलं आहे, नुसत्या फोनवर ते निघतात. जाताना तोंडानं काही घ्यायचं नाही. एरंडेल तर मुळीच नाही, घरातली म्हातारी माणसं कितीही मायेनं देवोत. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, "पाइपाले पुढून बूच बसलं, मागून पाणी सोडून काय होईन?" त्यांना पटलं.

दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट मोकळं करतात, सलाइन लावतात. पुष्कळदा एवढ्यानंच सुटतं, ऑपरेशन लागत नाही.

अडकवणाऱ्या वस्तू आपल्याच घरच्या असतात, तीच पंचाईत आहे. संत्र्याची फोड सालीसकट, हुरडा, भुट्टा, फल्ली, सुकं खोबरं, पावसाळ्यातल्या सात्या (रानातली अळिंबी), थंडीत वावरात बसून खायच्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा. मी संत्र्याचा रस गाळून पिते. शेंगांचे दाणे काढून, वाटून, आमटी करून खाते. कधी अडकलेलंच नाही त्यानं थोडं थोडं, चावून चावून खाऊन पाहायला हरकत नाही. एकदा अडकलं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नको.

उन्हाळा

आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषायचं, ते काम आता अर्धवटच होतं. पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकणं, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी, लघवी गडद पिवळी. अशा वेळी नुसतं साधं पाणी ढोसून भागत नाही, मीठ लागतं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं पाहून घ्यायचं, दुकानातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा चहाचा चमचा, दोन्ही सपाट भरून. ज्वारीची आंबील आणि मीठ घातलेली भाताची पेज मला जास्त मानवते. पाणी सतत कमी पडलं तर मुतखडाही होतो, तेव्हा कमरेतून जांघेत उतरणारी कळ आली तर सगळा दोष पाऊचला देऊ नका.

तपासणी चांगली, तरी दुखतं

दुर्बीण स्वच्छ, रिपोर्ट चांगले, आणि बसलं की खाली आत ठुसठुसतं. मला मशीनवर तासभर बसलं की हेच होतं. घरचे म्हणतात मनाचं आहे. तसं नाही. वर्षानुवर्षं धरून ठेवायची सवय लागली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल व्हायचे विसरतात, ताठच राहतात. ऑपरेशनमध्ये दुखावलेल्या नसाही चमकत राहतात. स्नायूंसाठी फिजिओथेरपी असते, बायोफीडबॅक म्हणतात, त्यात सैल सोडायला शिकवतात. घरी मी सकाळी उताणी निजून टोंगळे वर घेते आणि पोट फुगवत हळू श्वास घेते, सोडताना खालचं सगळं ढिलं सोडते. काम करताना अर्ध्या तासानं उठायचं, खाली मधे मोकळी असलेली गोल गादी.

नसांच्या दुखण्याला रात्री अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी थोड्या मात्रेत देतात. मेडिकलवाला म्हणेल, ही तर डिप्रेशनची गोळी. मोठ्या मात्रेत असेल, या मात्रेत ती नसांवर चालते. लपवून ठेवायचं काही कारण नाही, आणि अचानक बंदही करायची नाही. ट्रामाडॉलसारख्या कडक गोळ्यांपासून मात्र जपून. त्या आतडं मंदावतात, सवय लागते, आणि पुढं त्यांच्यामुळंच पोट दुखायला लागतं. नवरा-बायकोच्या संबंधात दुखत असेल, पाळीत त्रास वाढत असेल तर तेही बाईडॉक्टरला सांगायचं. दिवस राहायला अडचण येत असेल तर तेही, कारण या ऑपरेशननंतर ते कठीण जाऊ शकतं.

रात्र आणि प्रवास

जेवण दिवे लागायच्या आत. भात-वरण, केळ, उकडलेला आलू, साबुदाणा यांनी घट्टपणा येतो. लोपेरामाइड सांगितलेली असेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी. थोड्या पाण्यात इसबगोल आपल्याला घट्ट करायला देतात, पण जोड अरुंद असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. डीपी जळली की अंधार, म्हणून उशाशी बॅटरी. प्रवासाच्या दिवशी उपाशी निघू नका, रिकाम्या पोटात हवा धरते आणि पाणीच जास्त जातं. मी दोन घास भात खाऊन निघते. एसटीत दाराजवळची जागा, पिशवीत पाण्याची बाटली, मलम, पॅड, एक जास्तीचा परकर. कंडक्टरला चढतानाच हळूच सांगून ठेवते. आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

वर्षातून एकदा रक्त: हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, किडनी. बी-१२ शोषणारा आतड्याचा भागच पाऊचला लागलेला असतो, त्यामुळं थकवा नेहमी कामाचाच असतो असं नाही.

पाऊच नाहीच टिकला तर

शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना काही वर्षांनी पोटावरची पिशवी परत घ्यावी लागते. सतत पू, भगंदर, न हटणारी सूज, ही त्याची कारणं. मला ती वेळ आलेली नाही, पण मी विचारून ठेवलं आहे. डॉक्टर हा विषय काढतील तर घाबरून उठून येऊ नका. ऑपरेशनच्या आधी पिशवीची जागा पोटावर पेननं आखून घ्यायला सांगा. ती नुसतं झोपवून आखू देऊ नका. साडी नेसून जा, परकराचा नाडा रोज बांधता तिथंच बांधा, खुर्चीवर बसा, खाली वाका, कापूस वेचताना कमरेला ओटी बांधता तशी बांधून दाखवा, आणि खूण नाड्याखाली किंवा पोटाच्या वळीत जात नाही ना, स्वतःच्या डोळ्यांना ती दिसते ना, हे पाहूनच हो म्हणा.