मायक्रोत 'कुठला जंतू?' विचारलं की आधी तापाचा दिवस विचारा

एमबीबीएस सेकंड इयरच्या पोरांचे हल्ली एकाच टाइपचे मेसेज येतात, "ताई, बायोकेमिकल्स पाठ आहेत पण केस दिली की ऑर्गॅनिझम ओळखता येत नाही." म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी आता मायक्रोचीच (मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जंतूंचा विषय) रेसिडेंट आहे, पण सेकंड इयरला हाच विषय बघून मला रडू यायचं, त्यामुळे टॉपरचं लेक्चर वगैरे समजू नका. ग्रॅम स्टेन, कॅटॅलेज, मॅककॉन्की, या जंतू ओळखायच्या नेहमीच्या लॅब पद्धती तुम्हाला येतात असं धरून चालते.

खरं सांगू का, बेंचवर जंतू ओळखणं एवढं अवघड नाहीये. ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय क्लस्टरमध्ये, कॅटॅलेज पॉझिटिव्ह, कोअ‍ॅग्युलेज पॉझिटिव्ह म्हणजे स्टॅफ ऑरियस. मॅककॉन्कीवर गुलाबी कॉलनी, इंडोल पॉझिटिव्ह, सिट्रेट निगेटिव्ह म्हणजे बहुतेक ई. कोलाय, आणि गुलाबीच पण चिकट कॉलनी, इंडोल निगेटिव्ह, सिट्रेट आणि युरिएज पॉझिटिव्ह म्हणजे क्लेबसिएला. पोस्टिंगभर रोज प्लेट बघितल्या की हे आपोआप बसतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. फक्त ब्लड आगारवरून कॅटॅलेजसाठी कॉलनी उचलताना खालचं आगार खरवडू नका, लाल पेशींमध्येच कॅटॅलेज असतं, बुडबुडे येणारच आणि तुम्ही स्ट्रेपला स्टॅफ म्हणून मोकळे. आणि ग्रॅम करताना डीकलरायझर जास्त वेळ ठेवलात तर पॉझिटिव्ह पण गुलाबी दिसतात. बास, एवढंच.

खरा सापळा वेगळाच आहे, तो म्हणजे विडाल, टायफॉइडसाठी करतात ती रक्ततपासणी. मी त्यात टर्मिनलच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) अशी अडकले की सरांनी पार सोलून काढलं, म्हणून जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा.

केस अशी असते. पावसाळा, तिसऱ्या दिवसाचा ताप, डोकं दुखतंय, पोट बिघडलंय, विडाल ओ १:१६० आणि एच १:१६०. सगळा वर्ग एका सुरात, टायफॉइड! आता थांबा. विडालमध्ये आपण साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडचा जंतू, शोधतच नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी मोजतो. त्या मोजता येण्याएवढ्या तयार व्हायला साधारण आठवडा जातो. मग तिसऱ्या दिवशी एवढा टायटर (अँटिबॉडीचं मोजमाप, ते १:१६० वगैरे) आला कुठून? एक तर जुन्या इन्फेक्शनचा उरलेला असेल, कारण आपल्याकडे टायफॉइड एवढा आहे की धडधाकट माणसातही थोडाफार टायटर सापडतो. नाहीतर वेगळ्याच कुठल्या तापामुळे जुन्या अँटिबॉडी परत वर आल्या असतील, विशेषतः एच (ओ आणि एच या विडालमध्ये मोजायच्या दोन अँटिबॉडी). म्हणजे पेशंटला मलेरिया असू शकतो आणि रिपोर्ट टायफॉइडचा. आणि उलटंही तेवढंच खरं, तिसऱ्या दिवशी विडाल निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाही असं होत नाही, अँटिबॉडीच बनल्या नसतील अजून. म्हणून एकट्या विडालवर निदान करायचं नाही. आठ-दहा दिवसांनी परत रक्त घेऊन टायटर चौपट वाढला तर त्याला काहीतरी अर्थ. पहिल्या आठवड्यात पाहिजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतूच वाढवून बघणं, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. त्यात फिकट नॉन लॅक्टोज फर्मेंटर (लॅक्टोज साखर न आंबवणारा) वाढला, मोटाइल (हलणारा) आहे, टीएसआय या साखरेच्या आगारच्या नळीत वरचा स्लँट अल्कलाइन, तळाचा बट अ‍ॅसिड, गॅस नाही आणि एच टू एसचा जेमतेम ठिपका, तर मग म्हणा टायफी, खुशाल.

हेच गणित बाकीच्या तापांना लावा. डेंग्यूला पहिले चार-पाच दिवस एनएस१ (विषाणूचंच प्रोटीन), त्यानंतर आयजीएम (आधी बनणारी अँटिबॉडी). दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह बघून डेंग्यू नाही म्हणणारे सिनियर मी बघितलेत, त्यांच्याकडून नोट्स घेऊ नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू आधी रक्तात सापडतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून लघवीत, आयजीएम पण उशिराच. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टो केवढा वाढला होता ते वाचलं असेलच, त्यामुळे साचलेल्या पाण्यात किंवा भातखाचरात उतरला होता का हे विचारायला विसरू नका. मलेरियाच्या रॅपिड टेस्ट कार्डवर एचआरपी२ (मलेरियाच्या परजीवीचं प्रोटीन) ची रेघ उपचार झाल्यावरही काही आठवडे येत राहते, म्हणून स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली) बघायचाच. आणि स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चावण्यातून होणारा ताप, २०१८ मध्ये विदर्भात त्याने चांगलाच दणका दिला होता, त्यात काखेत, जांघेत काळी खपली शोधावी लागते. कपडे न काढता तपासलं तर कुठून दिसणार.

दुसरा प्रश्न, सॅम्पल कुठलं. सीएसएफमध्ये (मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात) भाल्याच्या टोकासारखे ग्रॅम पॉझिटिव्ह डिप्लोकोकाय (जोडीने असणारे जंतू) दिसले तर ते न्यूमोकोकस, तिथे वाद नाही. पण तोच न्यूमोकोकस घशात आजार नसतानाही राहतो. थुंकीच्या स्मिअरमध्ये लो पॉवरला एका फील्डमध्ये दहाच्या वर एपिथेलियल सेल्स असतील तर ती लाळ आहे, त्यात काय वाढलं याला किंमत नाही. ब्लड कल्चरच्या एकाच बाटलीत कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ आला तर बहुतेक वेळा कातडीवरून आलाय, पण सगळ्या बाटल्यांत आला आणि पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर सोडायचा नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या त्या वन लायनर पीडीएफ, 'राइस वॉटर स्टूल म्हणजे कॉलरा, रस्टी स्पुटम म्हणजे न्यूमोकोकस', एमसीक्यूला मार्क मिळवून देतील, नाही म्हणत नाही, पण पेशंट येऊन फक्त "जुलाब लागलेत" म्हणतो, पुढचं तुम्हीच विचारायचं असतं. निमॉनिक्समध्ये (लक्षात ठेवायच्या युक्त्यांत) मला एकच आवडतं, टायफॉइडचं बासू (BASU): पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, दुसऱ्यात अँटिबॉडी, तिसऱ्यात स्टूल, चौथ्यात युरिन. का आवडतं, तर त्यात दिवस आहे. आणि मेंटॉर शोधायला लिंक्डइनवर कशाला जाता, लॅबमधल्या टेक्निशियन काकांजवळ उभे राहा, प्लेटचा वास घेऊन स्यूडोमोनास सांगतात ते (तुम्ही वास घेऊ नका, खरंच घेऊ नका).

व्हायवाची भीती वाटते ती सगळ्यांनाच वाटते. जंतूचं नाव चुकलं तरी "किती दिवसांचा ताप आहे, अँटिबायोटिक सुरू झालंय का" एवढं विचारलंत तरी बहुतेक एक्झामिनर नरम पडतात, मी बघितलंय. नाहीच पडले तर सप्लीमेंटरी असते, त्यानेही कोणी मरत नाही.

आणि उद्या इंटर्न झालात की लॅबच्या फॉर्मवर नुसतं 'फीव्हर' लिहून पाठवू नका रे. तापाचा कितवा दिवस, सॅम्पल कुठून घेतलं, कुठलं अँटिबायोटिक कधीपासून चालू आहे, तीन ओळी लिहा. नाहीतर आम्हाला वॉर्डला फोन करावा लागतो आणि तो फोन कोण्णीही उचलत नाही.