मेंदूतला अन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) शोधताना कोणती एमआर अँजिओग्राफी (एमआरआयने काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र) निवडावी?

सुरुवात थ्री-डी टाइम-ऑफ-फ्लाइटने करा; यात वाहतं रक्तच उजळ दिसतं. इंजेक्शन लागत नाही. शक्यतो ३ टेस्ला (चुंबकाची ताकद) यंत्र आणि ०.५-०.६ मिमी जाडीचे काप घ्या. फोरामेन मॅग्नमपासून (कवटीच्या तळाचं छिद्र) कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पट्टा) वरपर्यंतचा भाग घ्या, नाहीतर खालच्या बाजूला पायका (लहान मेंदूला रक्त देणारी) धमनीच्या उगमाचा फुगा सुटतो.

वाचताना फक्त एमआयपी चित्रावर (सगळे काप एकत्र करून बनवलेलं, सर्वांत उजळ बिंदूंचं चित्र) विसंबू नका. ३ मिमीपेक्षा लहान फुगे तिथे शेजारच्या धमनीत मिसळून जातात, म्हणून मूळ काप एकेक करून पाहाच. पोस्टेरियर कम्युनिकेटिंग धमनीच्या उगमाशी शंकूसारखा फुगवटा असेल आणि त्याच्या टोकातूनच धमनी निघत असेल, तर तो बहुधा इन्फंडिब्युलम (धमनीच्या उगमाचा निरुपद्रवी फुगवटा), अन्युरिझम नव्हे.

मोठ्या फुग्यात रक्त संथ फिरतं, त्याचा सिग्नल दबतो आणि फुगा आहे त्याहून लहान दिसतो. अशा वेळी मूत्रपिंडाचं कार्य तपासून गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) देऊन अँजिओग्राफी करा. उलट, काही दिवस जुनी (सबअक्यूट) गुठळी टी-१ मध्ये (एमआरआयचा एक प्रकार) उजळ असल्याने वाहत्या रक्तासारखी भासते. साधा टी-१ शेजारी ठेवला की हा घोळ सुटतो.

कॉइलनंतरच्या (फुग्यात तारेचं वेटोळं भरून उपचार केल्यानंतरच्या) तपासणीत टीई (सिग्नल टिपण्यापर्यंतचा वेळ) शक्य तितका कमी ठेवा. शस्त्रक्रियेने फुग्याला लावलेल्या धातूच्या क्लिपभोवती मात्र काळा डाग पडतोच. तिथे सीटी अँजिओग्राफी किंवा डीएसए (धमनीत नळी घालून केलेली एक्स-रे अँजिओग्राफी) बरी. क्लिप एमआरआयसाठी सुरक्षित आहे का, हे आधी कागदपत्रांत पाहा.

अचानक, असह्य डोकेदुखी असेल तर फुगा फुटल्याची शंका घ्या आणि एमआरआयसाठी थांबू नका. आधी तातडीने सीटी.